देवाच्या फोटोमागचा दाखला

१

माझे गुडघे सगळ्या गावानं बघितलेत. ते कसे, ते सांगतो.

साल एकाहत्तर. जूनचा पहिला सोमवार, उन्हं कलली होती. मच्छिंद्रच्या हॉटेलात आम्ही पाचसहा जण चहा पीत बसलो होतो. मी पुंजाराम शिंपी. माझं मशीन मच्छिंद्रच्या हॉटेलाला चिकटून ओट्यावर असतं. कुणाच्या घरात काय चाललंय ते मला कापडावरनं कळतं, आणि उरलेलं मच्छिंद्रला चहावरनं.

त्या दिवशी विषय होता सहादेवची चांगुणा. पोरगी सातवीला अख्ख्या केंद्रात पहिली आलेली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी दोन खाजगी हायस्कुलं. एक फाट्यावरचं, नवंकोरं, पत्र्याचं, नववीपर्यंत. दुसरं नदीपलीकडचं, जुनं, अकरावीपर्यंत, पण प्रवरेवरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, ओलांडून जायचं.

पोरांची संख्या भरली न्हाई तर सरकार तुकडी काढून घेतं आणि तुकडी गेली की सराची नोकरी जाते. म्हणून मे-जूनात दोन्हीकडचे सर सायकलीवर दारोदार हिंडायचे, जणू सोयरीक जमवायलाच निघालेत. आईबापाच्या हातनं शाळा सोडल्याचा अस्सल दाखला एकदा पिशवीत पडला की पोर त्यांचं. मग समोरच्यानं कितीही डोकं आपटू दे.

"चांगुणा फाट्यावर जानार," मी म्हणालो. "गाडेकर सरानं सहादेवला शाळा समितीवर घ्यायचा शब्द दिलाय. सहादेवला खुर्ची दाखवली की त्यो बसलाच."

"पलीकडं जानार," मच्छिंद्र म्हणाला. "पोरगी हुशार हाय. बापावर गेलेली न्हाई."

"लाव पैज!"

"लावली! हारनारानं काय करायचं?"

"पोरगी ज्या शाळंत जाईल तिथं पयल्या दिवशी खाकी हाप पँट घालून पोरांच्या लायनीत प्रार्थनेला उभं ऱ्हायचं."

"आन त्या मापाची हाप पँट शिवायची कुनी?"

"मी शिवतो की. तुझ्या कमरंचं माप हाय माझ्याकडं. बेचाळीस. कापड मात्र दोन पँटींचं लागंल."

सगळे खिदळले. मी तर घरी जाऊन मच्छिंद्रसाठी खाकी ड्रिलच्या कापडाचा तुकडासुद्धा बाजूला काढून ठेवला.

मंगळवारी सकाळी मशीनला तेल घालत होतो, तेवढ्यात सहादेव धावत आला आणि त्यानं माझ्या गळ्यातली टेप धरून मला उभं केलं.

"पुंज्या, मस्करी बास झाली. पोरीचा दाखला दे!"

२

माझ्यावरच संशय का, हे विचारायची सोय नव्हती. गेल्या साली 'तंबूतला शिनेमा येनार' म्हणून मी सगळ्या गावाला घोंगड्या घेऊन मैदानात बसवलं होतं. गावात म्हैस हरवली तरी लोक आधी माझ्या घरामागं बघतात.

"देवाशपथ, मी न्हाई घेतला."

"तुझ्या शपथंवर कोन इश्वास ठिवनार?"

मग मी त्याच्या घरीच गेलो. खाटेवर गाडेकर सर बसलेले, पिशवी मांडीवर. दाखला न्यायलाच आले होते. सहादेवनं भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोमागं हात घातला तर तिथं नुसतं कोळिष्टक.

"शेवटचा कधी बघितला?" मी विचारलं.

"रविवारी सांजंला. सरांना दाखवला आन परत ठिवला."

"मी त्याच वेळी मागत होतो," गाडेकर सर कळवळून म्हणाले. "पण हे म्हणाले, मंगळवारी चांगला दिवस आहे."

"दुसरा काढता येतो की."

"महिना जातो. प्रतिज्ञापत्र, साहेबांची मंजुरी... आमचा प्रवेश शनिवारी पाचला बंद होतो. पलीकडेही तसंच. याद्या सोमवारी जिल्ह्याला जातात."

कोपऱ्यात सहादेवची थोरली बहीण गोजरबाई मांडी ठोकून बसली होती. सोमवारी शेवटच्या यष्टीनं कोपरगावाहून आली होती. पुढ्यात जांभळांची पाटी. ओठ, जीभ, उजव्या हाताची पाची बोटं, सगळं जांभळंकिट्ट.

"द्येवाच्याच फोटूमागनं गेला म्हंजी द्येवालाच न्हाई पटत," ती बी थुंकत म्हणाली. "माझा ल्योक गोरक्ष ट्याक्टर चालवतो. आषाढ लागायच्या आत उरकून टाकू. पोरीची जात, किती शिकवतुस?"

"अक्का, ती तेरा वर्सांची हाय," सहादेव पुटपुटला.

"मी बारा वर्सांची हुते!"

सहादेवनं आमच्या सगळ्यांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "शनवारपतोर दाखला घावला तर शाळा. न्हाई घावला तर अक्का म्हनती तसं."

सहादेवची बायको राहीबाई माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. उजव्या हातात तांब्या, डावा हात खाली धरलेला. डाव्या अंगठ्याचं टोक निळंजांभळं.

"जांभळं खाल्ली व्हय, वहिनी?"

"काल पलीकडच्या बाजारातनं आनली, भावजी. तुमाला देऊ?"

"द्या मूठभर."

तिनं उजव्या हातानं दिली. मी खात खात निघालो. ओसरीवर चांगुणा जुन्या वर्तमानपत्राचे कागद कापत होती, पुस्तकांना कव्हर घालायला. ही पोरगी गणितात अर्धा मार्क गेला म्हणून दोन दिवस रडली होती. आता तिचं लगीन ठरत होतं आणि ती कात्रीनं सरळ रेघेत कागद कापत होती.

"चांगे, रडली न्हाईस व्हय?"

"रडून दाखला घावतो का, पुंजाकाका?"

तिनं वर बघितलंच न्हाई. मला कुठंतरी खुपलं.

३

बुधवारपर्यंत गावात माझं हसं झालं होतं. कुणी कापड टाकायला येईना. "आधी दाखला दे, मग चोळी शिव," बाया म्हणायच्या. मच्छिंद्र तर गिऱ्हाईकांसमोर मोठ्यानं म्हणाला, "पैज हारायची येळ आली म्हनून चोरी केली गड्यानं."

"मी हारत हुतो कुठं? सहादेव फाट्याचाच हुता. दाखला गेला तर माझंच नुकसान!"

"मंग मी चोरला का?"

"तुझाच फायदा दिसतोय."

"अरं, दाखला मिळंना तर पोरगी पलीकडं तरी कशी जाईल? टकुरं हाय का नुसतं टेप गुंडाळायचं रीळ?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पण एक खरं, गाव माझ्यावर डोळा ठेवून होतं, तोवर खऱ्या चोराला रान मोकळं. मग मीच हिंडायला लागलो.

पहिले गाडेकर सर. ते रोज येत होते. घाम पुसत, सायकल भिंतीला टेकवत, चहा न पिता. "पुंजाराम, दोन पोरं कमी पडतायत हो मला. ती मिळाली न्हाईत तर मी घरी बसणार. दाखला माझ्याकडं असता तर मी कशाला उन्हात मेलो असतो?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना यादीतनं खोडलं.

मग गोजरबाई. दारातच उभी राहून म्हणाली, "मला दाखला घ्यायचा आसता तर चुलीत घातला आसता आन चार मानसांत सांगितलं आसतं. मी कुनाला भितीय का?" हेही खरंच वाटलं. त्या बाईला लपवायची सवयच न्हाई, ओरडायची आहे.

गुरुवारी पलीकडचे हारदे सर सापडले. वरच्या आळीत कडूबाईच्या अंगणात बसून तिच्या नातवाचा दाखला मागत होते. हा माणूस मे महिन्यात सलग आठ दिवस सहादेवच्या ओसरीवर बसून होता. सहादेवचे बैलसुद्धा त्याला ओळखायला लागले होते.

"काय सर, सहादेवकडं न्हाई डोकावला ह्या वेळी?"

"त्यांच्या घरी आधीच गोंधळ चाललाय," सर म्हणाले आणि एकदम खाली वाकून सायकलची चेन बघायला लागले. चेन जागेवर होती. "आपण कशाला भर घाला?"

"केंद्रात पयली आलेली पोरगी सोडून दिली व्हय?"

"नशीब असेल तर येईल."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. दाखला सरांकडंच, हे उघड होतं. पण दिला कुणी? फोटोमागं हात घातला कुणी? सर काही खिडकीतनं शिरले नव्हते.

तिन्हीसांजेला मशीनवर आलो. बुधवारी राहीबाई एक कापड टाकून गेली होती. तेवढीच एक बाई त्या आठवड्यात आलेली. पांढरं पॉपलीन, सोमवारच्या बाजारातलं. "चांगीला पोलकं शिवा, सोमवारपतोर द्या," म्हणाली होती. मी विचारलं, "सोमवारच का?" तर म्हणाली, "गोजरवन्संच्या सासरची पावनी येनार हायेत, पोरगी बघायला."

घडी उलगडली आणि माझा हात थांबला. कडेला नखाएवढा निळाजांभळा डाग. जांभळाचा असंल म्हणून लिंबू आणि मीठ चोळलं. जांभळाचा डाग लिंबानं फिका पडतो, चोळीवाल्या बाया मला रोज विचारतात. हा न्हाई पडला. मग कापड डोळ्याजवळ नेलं.

डागात बारीक रेघा होत्या. भोवऱ्यासारख्या, गोल गोल फिरत आत गेलेल्या.

मी कापडाची परत घडी घातली, डाग आत ठेवून. मला चोर सापडला होता, आणि आता तो कुणालाही सांगून चालणार नव्हतं.

४

शनिवारी दुपारी तीन वाजता सहादेवच्या दारात निम्मं गाव जमलं. गाडेकर सर घड्याळ बघत होते. गोजरबाईचा आवाज नदीपर्यंत जात होता.

"घरातनं गेला म्हंजी घरातच हाय! सगळ्यांच्या ट्रंका उघडा! राही, तुझी पयली आन!"

राहीबाई भिंतीला टेकून उभी. चेहऱ्यावर रक्त न्हाई. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेची चावी तिच्या गळ्यात, काळ्या पोतीशेजारी. चांगुणानं आईचा पदर मुठीत धरला होता. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पोरगी रडकुंडीला आलेली दिसली.

"दे चावी," सहादेव म्हणाला.

राहीबाईनं गळ्याला हात लावला.

"थांबा!" मी ओरडलो. "दाखला मी लपवलाय."

सगळे माझ्याकडं वळले. मच्छिंद्रच्या हातातली कपबशी पडली, तिचे पैसे मात्र माझ्या खात्यावर लिहिले त्यानं. सहादेवनं मला सदऱ्याला धरून उचललं.

"कुठं हाय? बोल!"

"मार गड्या, पन मार खाल्ला की जागा इसरतो मी."

गाडेकर सर मधे पडले. "मारू नका हो! दोन तास आहेत! चला, पुंजाराम, चला!"

मी पुढं, गाव मागं. आधी मारुतीच्या देवळातला नगारा. कातडं सोडवायला अर्धा तास गेला. आतनं एक पाल निघाली. "काल तर हितंच हुता," मी म्हणालो. मग मच्छिंद्रच्या हॉटेलातला साखरेचा डबा. सगळी साखर परातीत ओतायला लावली. मच्छिंद्र शिव्या देत होता, मला आतनं आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग कडूबाईच्या कोंबड्यांचं डालगं. गाडेकर सर स्वतः हात घालत होते, बाहीला पिसं चिकटली होती. बिचाऱ्याची मला कीव येत होती, पण काय करू? शेवटी चावडीच्या कौलांवर दोन माणसं चढवली.

"किती वाजले, सर?"

"पाचला पाच कमी," सर रडव्या आवाजात म्हणाले.

"तिसऱ्या वळीतलं कौल काढा. तितं न्हाई? मंग चौथ्या."

पाच वाजले. सर सायकलीला टेकून खाली बसले. सहादेव माझ्या अंगावर येणार तेवढ्यात मी चावडीच्या पायरीवर चढलो.

"ऐका! सोमवारी शाळंचा पयला दिवस, सकाळी सगळ्या गावानं पलीकडच्या शाळंत यायचं. दाखला तितं घावंल. न्हाई घावला तर माझं मशीन सहादेवच्या दारात. आन मच्छ्या, पैज मी हारलो. हाप पँट घालून मी उभा ऱ्हानार."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "हारायसाठी कुनी चोरी करतं का रं?" कुणीतरी म्हणालं.

गोजरबाई डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होती. राहीबाईनं पदराचं टोक तोंडात घातलं होतं.

५

मच्छिंद्रसाठी काढलेला ड्रिलचा तुकडा रविवारी माझ्याच कमरेला आला. उरलेल्या वेळात पांढरं पोलकंही पुरं केलं, डाग शिवणीत आत घेऊन.

सोमवारी फरशीवरनं माणसांची रांग लागली. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, मच्छिंद्र हॉटेल बंद करून. सगळी माझे पाय बघायला. शाळेच्या पटांगणात मी धोतर सोडलं आणि हाफ पँटीत उभा राहिलो, तेव्हा जो हशा झाला तो म्हणे देवळालीला ऐकू गेला.

"दाखला!" सहादेव खेकसला. तो एकटाच हसत नव्हता.

"हारदे सर, बुकं आना."

सरांनी चोरट्यासारखं हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांनी प्रवेशाचं रजिस्टर आणलं आणि त्यातला टाचलेला दाखला वर धरला. चांगुणा सहादेव. प्रवेशाची तारीख सात जून, सोमवार.

"सोमवार? मंगळवारी तर मी..." सहादेवनं रजिस्टर जवळ ओढलं. "कुनी आनला?"

"खाली बघ," मी म्हणालो.

रजिस्टरात नावाच्या खाली एक अंगठा उमटवलेला होता. शेजारी सरांच्या अक्षरात, निशाणी डाव्या अंगठ्याची, राहीबाई, विद्यार्थिनीची आई.

"चोर मला जांभळांनी दावला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "गोजरबाईंनी जांभळं खाल्ली तर वठ, जीभ, सगळी बोटं रंगली. राहीवहिनींचा नुसता डावा अंगठा. डाव्या अंगठ्यानं जांभळं कोन खातं, सांगा? डावा अंगठा रंगतो त्यो कागदावर उठवताना. तोच अंगठा त्यांनी वला आसतानाच बाजारात कापडाला लावला. लिंबानं गेला न्हाई, रेघा ऱ्हायल्या. कापड बी पांढरं. पावन्यांना पोरगी दाखवायला शाळंतल्यासारखं पांढरं पोलकं कुनी घालतं का? हारदे सर तुझ्या दारात यायचे बंद झाले, कारन त्यांचं काम झालं हुतं. आन पोरगी रडत नव्हती, कारन तिचं नाव लागलं हुतं. मी आन मच्छ्यानं पैज लावली तवा निकाल लागून गेलेला, लेका!"

"आन शनवारी?" मच्छिंद्र ओरडला. "माझी साखर?"

"वहिनींनी चावीला हात लावला तवाच वळखलं, ट्रंकेत प्रवेशाची चिठ्ठी हुती. ती पाचच्या आत निघाली आसती, तर सहादेवनं त्याच दमात दाखला परत आणून एकतर गाडेकर सरांना दिला आसता, न्हाईतर अक्काला."

आता कुणी हसत नव्हतं. सहादेव राहीबाईकडं गेला. ती मान खाली घालून उभी होती, पण हलली न्हाई.

"मला का न्हाई इचारलं?"

"तुमाला इचारलं आसतं तर तुमी गोजरवन्संना इचारलं आसतं," राहीबाई म्हणाली. आवाज हळू होता, पण शांततेत सगळ्यांना ऐकू आला. "फाट्यावर आज नववी हाय, उद्याचं कुनाला ठावं. हितं अकरावीपतोर हाय. शिकवायला बाई बी हाय. मी चारदा बाजाराला आले, चारदा खिडकीतनं बघितलं."

"सहादेवा, ऐकतुस काय!" गोजरबाई पुढं आली. "पोरीला घिऊन चल घरी!"

सहादेवनं बहिणीकडं बघितलं. मग गावाकडं. मग पटांगणाच्या त्या टोकाला, जिथं चांगुणा नवीन पांढरं पोलकं घालून मुलींच्या रांगेत पहिली उभी होती आणि बापाकडं न बघायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होती.

हेडमास्तरांनी टाक पुढं केला. "केंद्रात पहिली आलेली मुलगी म्हणजे आमच्या शाळेचा मान आहे. वडील आलेतच, तर इथं अंगठ्याशेजारी सही करून टाका."

सहादेवनं टाक हातात घेतला. रजिस्टरवर वाकला. बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग टाक परत दिला.

"ऱ्हाऊ द्या, सर. अंगठा पुरं हाय."

गोजरबाई फणकारून फरशीच्या वाटेला लागली. तिला थांबवायला कुणी गेलं न्हाई.

तेवढ्यात घंटा झाली. मी पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो, गुडघे उघडे, पोट पुढं. पुढची पोरं वळून वळून बघत होती. हारदे सर छडी घेऊन रांगेतनं आले. माझ्यासमोर थांबले. चेहरा अगदी सरकारी.

"हात पुढं. नखं बघू."

मी हात पुढं केला. शिंप्याच्या करंगळीचं नख लांब असतं, शिवण दाबायला. सरांनी ते बघितलं आणि तळहातावर एक छडी दिली. फार हळू न्हाई. शनिवारी साखरेत बुडालेला मच्छिंद्र टाळ्या वाजवत नाचायलाच लागला.

मी सहादेवकडं बघितलं. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. मग कळलं, गडी माझे पाय बघून हसत होता, तोंडावर उपरणं धरून, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत.

समोर चांगुणानं हात जोडले आणि प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली.

"पुंजाराम," हारदे सर म्हणाले, "मोठ्यानं म्हण."

मी मोठ्यानं म्हटलं.